दुसऱ्या ब्रेकचा भाव

३ नोव्हेंबर, सोमवार

साठ हजार! दलाल म्हणतो साठ हजार. तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून.

गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली, बाजूच्या सीटपुढची दोन जादा पेडलं बघितली आणि संपलं. "शिकवणीची गाडी आहे ही, मावशी. शंभर पोरांनी हिचा क्लच जाळलाय." शंभर नाही रे बाबा, आठशेच्या वर. पण ते कशाला सांगू? म्हटलं, इंजिन ऐकून बघा. तर म्हणतो, "इंजिन कोण ऐकतंय? पाच पेडलं दिसली की गिऱ्हाईक पळतं."

घरी येऊन तीन मजले चढले. डावीकडचा कठडा मला दिसत नाही आता. हाताला लागला की तो आहे असं समजायचं. डोळ्यांचे डॉक्टर मागच्या महिन्यात म्हणाले, "समोरचं शाबूत आहे, बाजूचं जात राहणार. चालवणंही बंद, शिकवणंही बंद." म्हणून ही विक्री. धाकट्या बहिणीच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली बघून ठेवलीय. अनामत लाखभर, महिनाअखेरपर्यंत. धाकटी म्हणते, "ताई, मी भरते की! नाहीतर सरळ माझ्याकडेच राहा." नको. बहिणीकडे चार दिवस पाहुणी म्हणून ठीक, जन्माची म्हणून नाही. सतरा वर्षं ज्या गाडीवर पोट भरलं तिच्यातूनच ती खोली निघाली पाहिजे.

आणि गाडी गेल्यावर मी कोण? हे मात्र धाकटीला विचारता येत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी शेडमध्ये जाऊन गाडीत बसले. माझ्या जागेवर, म्हणजे शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर. काचेवर धूळ, धुळीतून आलेलं पिवळट ऊन. डोळे उघडे असले की जगाचे काठ विरघळतात, आणि मिटले की सगळं काठोकाठ दिसतं. गंमतच आहे!

इतक्या वर्षांत शिष्यांची तोंडं मी धड बघितलीच नाहीत. एक डोळा रस्त्यावर, दुसरा त्यांच्या पायांवर. त्यामुळे नावं आठवत नाहीत, पाय आठवतात. टाच उचलून क्लच दाबणारी नर्स. बूट काढून चालवणारे एक म्हातारे - "तळव्याला कळतं बाई, बुटाला कळत नाही." पिवळे मोजे घालून येणारी एक, परीक्षेच्या दिवशीही तेच. सगळे एकामागून एक आले, बसले, थरथरले, उतरून गेले. दारं उघडल्याचे आवाजसुद्धा येत होते. झोप लागली असणार.

जागी झाले तेव्हा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला. कुणाला वाचवत होते कोण जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्रीने तोडगा काढला. पहिल्या दिवसापासून या गाडीचं सगळं यानेच केलंय. चार क्लच प्लेटा, दोन बॅटऱ्या, आणि माझी बडबड. म्हणाला, "बाई, जादा पेडलं काढून टाकू. खाली जाड मॅट. घरची गाडी म्हणून विका. एक चाळीस कुठे गेले नाहीत."

"आणि भोकं?"

"मॅट कशाला आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची तर एक चाळीसची!"

स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. मीही हसले. इथेच चुकलं. अर्ध्या तासात पेडलं निघाली, त्यांच्या लोखंडी दांड्यांसकट. मी ती जुन्या ओढणीत गुंडाळून घरी आणली. जड आहेत. कपाटात ठेवताना उगाचच वाटलं, दवाखान्यातून न परतलेल्या माणसाचं सामान आणलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

पितळ उघडं पडलं! आणि पाडलं कुणी? माझ्याच पायाने.

गिऱ्हाईक चांगलं होतं. बँकेत नोकरी, जाड चष्मा, बोलणं मऊ. एक पस्तीसपर्यंत आला होता. "एकदा चालवून बघतो, काकू." मी शेजारी बसले. पहिल्या वळणाला त्याने वेग कमी केला नाही. माझा पाय धप्पकन मॅटवर! त्याने बघितलं. पुढे एक हातगाडी आडवी आली, पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा तर असा हाणला की मॅट सरकली आणि टाच भोकात अडकली.

त्याने गाडी कडेला घेतली. वाकून मॅट उचलली. चार भोकं, ताजी, चकचकीत कडांची.

"काकू, ड्रायव्हिंग स्कूलची ना?"

मी मान हलवली. तो काही भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. गाडी शेडपर्यंत नीट आणून लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर कदाचित घेतलीही असती. चालते छान."

साठीला आलेली बाई मी. कानशिलं अजून तापलेली आहेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज कुणाशीच बोलले नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवी जाहिरात लिहिली. धाकटीने फोनवरून टाकली, एक चिठ्ठी वाण्याच्या फळीवरही लावली. मजकूर असा - "शिकवणीची गाडी. सतरा वर्षं. आठशेच्या वर लोक शिकले. क्लच चार वेळा बदललेला, इंजिन निरोगी. शिकवणारीचे ब्रेक काढलेत, जपून ठेवलेत. भाव बोलून."

धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, हे काय, जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

म्हटलं, जे आहे ते आहे. कानाला खडा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तीन फोन. पहिला पन्नास म्हणाला. दुसरा चाळीस म्हणाला, वर खी खी हसला.

तिसरी एक बाई. आवाजामागे शिवणयंत्र चालू होतं. भाव विचारलाच नाही. "ते काढलेले ब्रेक - परत बसवता येतात का हो?"

मी गोंधळून हो म्हटलं. उद्या बोलावलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बंद पडलेल्या दूध डेअरीच्या मागे घर. सकाळचं धुकं अजून अंगणात बसलेलं, त्यामुळे आज मला जितकं दिसत होतं तितकंच सगळ्यांना. बरं वाटलं.

शिवणबाई माझ्याच वयाची. गळ्यात टेप, ओठात टाचणी, शाळांचे गणवेश शिवते. खिडकीशी लाकडी खुर्चीत तिचा नवरा. स्वच्छ दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात हवेत गोल धरलेले. मधूनच एक हात खाली जायचा, काहीतरी पुढे ढकलायचा आणि परत वर.

"आत्ता तिसऱ्या गिअरमध्ये आहेत," शिवणबाई म्हणाली. यंत्र थांबवलं नाही. "उतार लागला असेल. आता बघा, दुसऱ्यात येतील."

आले!

अडतीस वर्षं दूधगाडी चालवली त्यांनी. दोन वर्षांपासून विसरतायत. आधी माणसांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या. गाडी काढून घेतली, परवाना काढून घेतला. "तेव्हापासून रोज सकाळी फाटकाशी उभे राहतात, खिसे चाचपत. किल्ली दे म्हणतात. नाही म्हटलं की माझ्यावर ओरडतात. बाई, हा माणूस आयुष्यात कधी ओरडला नव्हता. अन् नंतर ओरडलेलंही विसरतात. मला मात्र आठवतं ना!"

तिची योजना अशी. डेअरीचं जुनं आवार, चारी बाजूंनी भिंत, फाटकाला कुलूप. आत तो चालवणार. ही शेजारी बसणार, पायाखाली दुसरा ब्रेक.

"तुम्हाला येतं चालवायला?"

"अजिबात नाही. मला फक्त ब्रेक शिकवा."

नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात दूधवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्ची थांबवली - म्हणजे थांबवलीच, पाय दाबून - आणि विचारलं, "ताई, तुमचं किती?"

"एक लिटर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये सौदा. असा उलटा सौदा त्याने जन्मात पाहिला नव्हता म्हणे.

मी म्हटलं, पंच्याण्णव हजार. रास्त तेवढंच. ब्रेक बसवले की भाव पडतो.

शिवणबाई म्हणाली, "बाजारात पडत असेल. माझ्याकडे वाढतो. एक तीस."

"अहो, गाडीची किंमत आहे ती, तुमच्या गरजेची नाही!"

"मग गरज नसलेल्याला विका की."

मी एक लाख म्हटलं, ती एक पंचवीसवर आली. मिस्त्री मध्ये उभा, एकदा माझ्याकडे बघ, एकदा तिच्याकडे. शेवटी कपाळावर हात मारून घेतला. "बायांनो, एक दहा! आणि दोघींनी गप्प बसायचं."

एक दहा. खोलीची अनामत भागून वर दहा हजार. पण मी अट घातली. आठवडाभर रोज सकाळी शिकवीन. ब्रेक नीट जमला तर पैसे घेईन आणि गाडी देईन. नाही जमला तर व्यवहार नाही. आवारात असलं तरी भिंत भिंतच असते. शिवणबाईने टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळला आणि बरं म्हणाली. मिस्त्री पेडलं बसवून गाडी आवारात नेऊन ठेवणार.

ओढणीतली पेडलं परत काढली. मिस्त्री खजील होऊन म्हणाला, "सल्ला माझाच होता, मजुरी नको."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज गाडीत मागे बसले. सतरा वर्षांत पहिल्यांदा! मागून गाडी किती लांबलचक दिसते. पायाखाली नुसती सतरंजी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शिवणबाईचा पाय म्हणजे यंत्राचा पाय. ब्रेक एकदा दाबायचा हे तिला कळतच नाही, ती पायडल मारते. दाब-सोड-दाब-सोड! गाडी उचक्या देत चाललीय, दूधवाले शांत. "खड्डे झालेत रस्त्याला," एवढंच म्हणाले.

"शिवायचं नाहीये बाई, थांबवायचंय," मी मागून ओरडले. तिला हसू आवरेना. मग मलाही आवरेना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

धुकं इतकं की भिंती नव्हत्याच. दूधवाले काय चालवतात! आठशे जणांत असा पाय बघितला नाही मी. क्लच कधी सुटला, कळतही नाही.

मोकळ्या आवारात ते एके ठिकाणी थांबतात. दिवे लुकलुकवतात, वाट बघतात. "निळं फाटक. दोन कॅन." मग पुढे, वळसा, पुन्हा थांबा. "जिन्याखाली ठेवायचं, कुत्रा बांधलेला आहे." तिथे फाटक नाही, जिना नाही, कुत्रा नाही. पण दुसऱ्या फेरीला बरोबर त्याच जागी थांबले, वीतभर इकडेतिकडे नाही. तिसऱ्या फेरीला मलाही निळं फाटक दिसायला लागलं. डोळ्यांच्या कडेला, जिथे मला काहीच दिसत नाही, नेमकं तिथे.

शिवणबाईला आज जमलं. मी "थांब" म्हटलं की थांबते. परत येताना तिने मला बसपर्यंत सोडलं, हात धरून, डाव्या बाजूने. मी काही सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं.

काल फाटकाशी ओरडणं नाही म्हणाली. आजही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वप्नात दूध पोचवत होते. सगळ्या घरांतून पायच बाहेर आले, ओळखीचे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज आपटली.

शेवटचा दिवस, सगळं सुरळीत. मी मनातल्या मनात खोलीला पडदेसुद्धा लावले होते. दूधवाले बोलत होते, "ही शेवटची गल्ली, मग घरी." आणि गाडी चालू असतानाच त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. कॅन घेऊन उतरायला! एक पाय बाहेर. समोर भिंत.

"ब्रेक!" मी ओरडले.

शिवणबाईने ब्रेक दाबला नाही. नवऱ्याची बाही धरली. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा जोर लावून त्याला आत ओढलं, पाय वर उचलले गेले तिचे. मी मागे सतरंजीवर पाय हाणतेय, वेड्यासारखी. सतरंजीला काय कळणार!

वेग फारसा नव्हता. दिवा फुटला, बॉनेट चेपलं, दूधवाल्यांच्या गुडघ्याला खरचटलं. एवढ्यावर निभावलं. ते काचेच्या तुकड्यांकडे बघत म्हणाले, "कोणाची गाडी आहे ही? बिचाऱ्याचं नुकसान झालं."

शिवणबाई जमिनीवर बसून होती. बाही अजून मुठीत. मी तिच्याजवळ बसले. बोलायचं नव्हतं, पण बोलले. "बाई, मी ही गाडी तुम्हाला विकू शकत नाही."

"मला माहितीये," ती म्हणाली. "परत तसं झालं तर मी परत त्यांनाच धरीन."

खरं बोलली. कुणीही तेच केलं असतं. मी तरी वेगळं काय केलं असतं? माझ्या शेजारी बाही धरून ओढावं असं माझं कुणी नव्हतं, म्हणून तर माझा पाय इतका तयार झाला. हे आधी कधी सुचलं नव्हतं. लिहिताना रडू येतंय, येऊ दे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दलालाला फोन केला. फुटलेल्या दिव्यासकट पंचेचाळीस म्हणाला.

खोलीच्या मालकाचा निरोप - शुक्रवारपर्यंत होय की नाही सांगा, दुसरं माणूस तयार आहे. धाकटी म्हणाली, "ताई, हट्ट सोड, मी भरते." या वेळी मी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी परत आणायला सकाळी मिस्त्रीबरोबर गेले होते. शिवणबाईने किल्ली माझ्या हातात दिली. दूधवाले मागून आले, माझ्या तळहातावरून ती उचलली. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. ते चालकाच्या दाराशी गेले, ते उघडलं, थोडा वेळ उभे राहिले. मग किल्ली बायकोच्या हातात ठेवली, चेपलेल्या बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले आणि माझ्या जागेवर बसले. पाय ब्रेकवर.

"अहो, तुमची जागा इकडे," शिवणबाई म्हणाली.

"तू चालव. मला आता रस्ता आठवत नाही गं. थांबायचं तेवढं आठवतंय."

ती स्टिअरिंगमागे बसली. मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, कुठून सुरुवात करायची?"

मी मागच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं. म्हटलं, "क्लचपासून."